तिसऱ्या प्रकरणाची गाठ

मुलांनो, परवा धाकटीने फोनवर तक्रार केली की तिच्या गाइडबाई प्रत्येक प्रकरण आठवड्याच्या आत लाल शाईने भरून परत पाठवतात आणि तिला रडू येतं. म्हणून हे आताच लिहिते आहे. रडायचंच असेल तर तिने निदान योग्य कारणासाठी रडावं.

आपल्या वरच्या खोलीत एक मुलगी चार वर्षं भाड्याने राहत होती. रेल्वेतल्या मराठी कुटुंबातली. मराठी सगळी समजायची, बोलताना मात्र अर्ध्यातच हिंदीवर घसरायची. आपल्या शहरातल्या खंडेराव गेटच्या आतल्या जुन्या विहिरींवर ती पीएच.डी. करत होती. दिवसा उन्हात दोर सोडून विहिरींची खोली मोजायची आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून इंग्रजीत लिहायची. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तिचा एक स्वल्पविरामसुद्धा मी तपासल्याशिवाय सोडला नाही.

तिचे गाइड थोर होते. त्यांचा एक विद्यार्थी त्यांची भाषणं लिहायचा, दुसरा त्यांची गाडी धुऊन आणायचा, आणि ही बडा बाजारातून त्यांच्या पत्नीच्या साड्यांना फॉल लावून आणायची. याला ते मार्गदर्शन म्हणत.

तिसरं प्रकरण पुरं झालं तेव्हा मी ते लाल फडक्याच्या बासनात बांधून दिलं. आपले पूर्वज इकडे उत्तरेत येऊन सरकारी दफ्तर सांभाळायचे तेव्हापासून आपल्या घरात कागद बांधायची एक पद्धत आहे. सुती नाडी दोनदा आडवी, एकदा उभी, आणि टोक गाठीच्या पोटात. ते टोक सापडल्याशिवाय गाठ सुटत नाही, आणि सुटली तर या घराबाहेर कोणाला ती पुन्हा बांधता येत नाही. यात माझा काही डाव नव्हता. सवय आहे.

पाच महिन्यांनी बासन परत आलं. वर टाचलेल्या चिठ्ठीवर शेरा होता : 'भाषा कमज़ोर. दोबारा लिखें.'

मुलगी जिन्यातच बसली. "आजी, मागच्या वेळी पण प्रगती असंतोषजनक लिहिली होती. इस बार भी लिखी तो रजिस्ट्रेशनच रद्द. चार साल गए."

मी बासन हातात घेतलं. नाडीचं टोक पोटातच होतं. मी ते तिला बोटाने दाखवलं. तिने ते स्वतः चाचपून पाहिलं.

"बैठक कधी आहे?"

"परसों. पण आजी, तुम्ही काही बोलू नका ना."

"मी कशाला बोलू? नुसती बसेन."

सहामाही प्रगतीची ही बैठक खुली असते. कोणीही येऊन बसावं असा नियम आहे, बसत कोणी नाही. समितीत गाइड धरून तिघे होते. मुलगी पडद्यावर विहिरी दाखवत होती तेव्हा अध्यक्ष मोबाइल बघत होते आणि दुसरे समोशातली मिरची वेचून बाजूला काढत होते. अहवाल आधीच भरलेला होता, सह्यांची जागा तेवढी मोकळी.

गाइड म्हणाले, "मैंने पूरा चैप्टर पढ़ा है. मेहनत है, पर अंग्रेज़ी बहुत कमज़ोर है."

मुलीने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. पण तिने बासन उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "सर, किस पन्ने पर? निशान लगा दीजिए."

त्यांनी नाडी ओढली, ती आणखी आवळली. मग नखाने प्रयत्न केला. मग चहाच्या चमच्याने.

आता मात्र मला राहवेना. "पढ़ते वक़्त कैसे खोली थी, सरजी?"

अध्यक्षांनी पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. "अम्माजी, आप कौन?"

"जिसकी अंग्रेज़ी कमज़ोर है, वही."

समोसेवाल्या सदस्यांना ठसका लागला. अध्यक्षांनी अहवालातला एक शब्द खोडला, वर 'संतोषजनक' लिहिलं, आणि तिघांनी सह्या केल्या. गाइडांनीसुद्धा. गाठ सोडून आत काय आहे ते बघण्याची तसदी तेव्हाही कोणी घेतली नाही. जितक्या सहज ते तिला बुडवणार होते, तितक्याच सहज त्यांनी तिला तारलं. त्या सरांची नंतर बढती झाली.

मुलीने पुढे नव्या प्रती छापून प्रबंध सादर केला आणि तिला पदवी मिळाली. आता ती जवळच्या समथरला शिकवते आणि मुलांच्या वह्या लाल करते.

ते बासन माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे. गाठ अजून तशीच आहे.