बापाची नजर आणि ॲल्युमिनियमचा आर्म

माझ्या बापानं उभी हयात जालना एमआयडीसीत रोलिंग मिलच्या भट्टीपुढं काढली. लोखंड किती तापलं हे तो नुसत्या रंगावरून सांगायचा, अन् त्याचं कधी चुकलं नाही. मिल सोडल्यावर आम्ही तिथंच गाळा घेतला, गेट-ग्रिलची कामं धरली. मी पुण्याहून ॲल्युमिनियम जोडायचं आर्गन वेल्डिंग शिकून आलो तर हा गिऱ्हाइकांना सांगायचा, "पुण्याला धाडला, पालथ्या घड्यावर पाणी!" रोज. चहाबरोबर बिस्किट खावं तसं.

वाटूरचा एक शेतकरी आपली जुनी एटीव्ही, म्हणजे रानात पळणारी चार चाकांची मोटरसायकल, घेऊन आला. तिचा मागचा लोखंडी स्विंग आर्म, म्हणजे मागची चाकं धरून खड्ड्यात खालीवर होणारा हात, तडकला होता. त्याला आता रुंद टायर टाकायचे होते, अन् काळ्या रानात गाडीचं बूड रुतायचं म्हणून वजनही कमी पाहिजे होतं. मी म्हणालो, ॲल्युमिनियमचा बनवतो.

बाप फिस्सकन हसला. "भगुन्याचा धातू तो. भात शिजवायला ठीक हाय."

आठ दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला. चाक वरखाली करून चेन कुठं घासते ते पाहिलं, लांबी तीन बोटं वाढवली. जाड चौकोनी नळी तिरकी कापून जोडली, शॉकअप बसतो तिथं जादा पट्टी दिली, आस फिरतो तिथले बुश लेथवर करून आणले. सगळं जिगवर, म्हणजे हलू न देणाऱ्या पक्क्या चौकटीत, आवळून वेल्डिंग केलं. सोडलं तर आर्मचा एक पाय वेल्डिंगच्या उष्णतेनं दीड सूत ओढला गेला होता. त्यात काही नवल नाही. थंडच ठेवून, जॅक लावून मी तो हळूहळू सरळ करणार होतो.

नेमकं त्याच वेळी गिऱ्हाईक बघायला आलं, अन् माझी बायको डबा घेऊन आली. बापानं आर्मवर मोजपट्टी धरून वाक पाहिला अन् तिच्याकडं बघत म्हणाला, "असल्या हातात पोरगी देताना हिच्या बापानं काय पाह्यलं असंल?" ती डबा ठेवून निघून गेली. गिऱ्हाईक दात काढत होतं.

"सर बाजूला," बाप म्हणाला. "लाल करून एक दाब देतो, बराबर बसंल."

ॲल्युमिनियम लाल होत नाही. आहे तसं चंदेरी दिसतं अन् मग एकदम ढासळतं. हे पुण्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. एक वाक्य सांगायचं होतं. ओठापर्यंत आलं, गिळलं. वर गॅसची बत्ती मीच पेटवून त्याच्या हातात दिली. माझी आठ दिवसांची मेहनत मातीत जाणार होती, तरी दिली. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.

तो रंगाची वाट बघत राहिला. चष्मा कपाळावर सरकवला, खाली वाकला. "अजून न्हाई झालं... आता येईल." मग तो पाय मधोमध खचला अन् बुशसकट धपकन फरशीवर पडला.

"मामा, भगुनं उतू गेलं की!" गिऱ्हाईक खदाखदा हसलं.

बाप चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडं बघून बारीक आवाजात म्हणाला, "लाल झाल्तं का रे?"

"चांगलं लालभडक झाल्तं, दादा," मी म्हणालो. "तुम्हाला दिसलंच न्हाई?"

काय गोड वाटलं म्हणून सांगू! आज लाज वाटते, पण तेव्हा गोडच वाटलं.

त्यानं बत्ती विझवली अन् घरी गेला. पुन्हा गाळ्यावर आला नाही. दुसरा आर्म मी सहा दिवसांत केला, कुणी टोकायला नव्हतं. ती गाडी वाटूरला अजून पळते.

घरी बापाचं वेगळंच सुरू झालं. मोटरसायकल चालवायचं सोडलं. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या मुठीत घेऊन आईला विचारायचा, "लालच हायेत ना गं?" जो माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा राहून हुकूम सोडायचा, तो जिना उतरताना भिंत धरायला लागला. शेवटी मीच त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं सगळं तपासलं अन् म्हणाला, नजर एकदम चांगली आहे, रंग बिलकुल बरोबर दिसतात. मला वाटलं, सुटलो बुवा.

घरी आल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाले.

"त्या डॉक्टरला काय कळतं?" बाप पायरीवर बसत म्हणाला. "आपलं पोरगं शेजारी उभं होतं. त्यानं सोताच्या डोळ्यानं लाल झालेलं पाह्यलं. ते मला कशाला खोटं सांगंल?"

आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "वाढ जेवायला, भूक लागली."