विचारून दाबलेलं बटण

मुलुंडला एका टॉवरच्या गेटवर मी वॉचमन. फोन काहीही विचारू दे, मी हिरवं बटण दाबतो. वाचता येतं कुठे! सातव्या मजल्यावरचा कम्प्युटरवाला मात्र गेटच्या ॲपला कायम नाही म्हणायचा. पाहुण्याचा फोटो काढू द्यायचा नाही, स्वतः खाली येऊन घेऊन जायचा.

"काका, माणूस घरी आलाय, चोर नाही ना?"

"मग माझाच फोटो टाकू का साहेब? ॲपच बंद पडेल."

एका दुपारी त्याची आई माझ्यासमोरून बाहेर गेली. तिला हल्ली घरही आठवत नाही, हे मला कुठे ठाऊक! मी शहाण्याने सलाम ठोकला. तो धावत खाली आला. "काका, आईचा फोटो सगळ्यांना पाठवा." त्याने फोटो माझ्या फोनवर टाकला, मी बटण दाबून बिल्डिंगभर आणि बाहेरच्या दुकानदारांना पाठवला.

फोटो बघून एका भाजीवाल्याने तिला ओळखलं, बसवून ठेवलं.

संध्याकाळी तो दारोदार फिरला. "आई सापडली. आता फोटो पुसा हां." शेवटी माझ्याकडे आला. मला पुसायला जमेना, मी फोनच पुढे केला. बाकीचे तर न विचारता ओढून घेतात. त्याने हात मागे घेतला.

"तुमचा फोन आहे, काका. मी सांगतो, तुम्ही पुसा."

आयुष्यात पहिल्यांदा मी बटण समजून दाबलं.