कारभाऱ्याच्या हातचं दूध

खंडाळ्याच्या बंगल्यात भांडी घासणाऱ्या बिस्मिल्लाच्या जिभेला हाड नव्हतं. म्हणून नंदाबाईचं झालं तेव्हा सगळ्यांत जास्त बोलली तीच.

नंदाबाई तिच्या जोडीची मोलकरीण. मालक मुंबईला असताना भर दुपारी पाहुण्यांच्या खोलीत सापडली, लुगडं विस्कटलेलं, डोळे उघडेनात. "कारभाऱ्यांनी दूध दिलं, फुडचं कायबी आठवत न्हाई," एवढंच म्हणत राहिली. "दारू ढोसली आन नाव दुधाचं," बिस्मिल्ला नळावर म्हणाली, तशा बायका हसल्या. नवऱ्यानं नंदाबाईला इंदुरीला माहेरी टाकली ती कायमचीच.

पुढं रमजान आला. माधवराव कारभाऱ्यांनी दुपारी बिस्मिल्लापुढं केशरी दुधाचा पेला धरला. माणूस मोठा गोडबोल्या. तोंडावर नाही कसं म्हणायचं? "मागनं पिते," म्हणून तिनं दूध तांब्यात ओतून घरी नेलं आणि सांजेला खजूर खाऊन त्यावरच रोजा सोडला. तळाचा घोट कडू लागला.

ती उठली तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं. रात्री ती अडखळत चालली, काहीबाही बरळली, पहाटे सहरीच्या जेवणाला हलवून हलवूनही उठली नाही, असं सासू सांगत होती. बिस्मिल्लाला त्यातलं अक्षर आठवेना. मालकिणीच्या झोपेच्या पुड्या असतात त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते मात्र आठवलं. नंदाबाई खरं बोलत होती.

"कामाची काळजी करू नगं," सासू म्हणाली. "तुज्या बदलीवर परवीनला धाडलीय."

खाडा झाला की घरातलीच बाई बदलीवर धाडायची, नाहीतर काम जातं, ही सगळ्यांचीच रीत. पण धाकटी जाऊ परवीन अंगावर पाजणारी. तिला रोजा नव्हता; दूध पुढं केलं तर ती तिथंच पिणार.

बिस्मिल्ला अनवाणी पळाली. परवीन मागच्या पायरीवर भिंतीला टेकली होती, शेजारी रिकामा पेला. "भाबी, झोप येतीय," ती म्हणाली.

माधवराव दारात आले. "हिला बरं नाही. आत निजवू."

"माज्या घरी निजंल ती," बिस्मिल्ला म्हणाली, आणि जावेला खांद्यावर टाकून निघाली. तिच्या बोलण्यावर गावात कुणी विश्वास ठेवला नाही. माधवराव मरेपर्यंत तिथंच कारभारी राहिले. चोर तो चोर, वर शिरजोर.

परवीन सावरल्यावर बिस्मिल्ला इंदुरीला गेली, नंदाबाईच्या दारात उभी राहून सगळं बोलली, रडली. नंदाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुजी जाऊ वाचली, लय बरं झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.