एंटर न दाबता पळालेली बैलं

घासून गुळगुळीत झालेलं एंटरचं बटण दिसलं की माझं डोकं अजून सणकतंय. कॉलेजच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला मी काळ्या स्क्रीनवर बैलगाडी शर्यतीचा गेम केलता. साधा प्रोग्रॅम एंटर दाबेस्तवर थांबून ऱ्हातो; माझा मातर बटण दाबलंय का, एवढं पळता पळता डोकावून बघायचा. दाबलं तर बैलं वळायची, न्हाय दाबलं तर आपली सरळ पुढं. महिनाभर डोकं फोडलं तवा जमलं. लॅबमधी तापलेल्या मशीनचा वास, पंखा बंद. बाहेरून आलेले परीक्षक एंटरवर बोट धरून बसले, स्क्रीन कधी विचारतीया म्हणून. बोट तसंच, आन बैलं थेट बांधावर! "अरे, हा मला न विचारताच पळतोय! थांबायला नको?" "सर, शर्यतीची बैलं कुणासाठी थांबत्यात व्हय?" मागं पोरं फिस्सकन हसली. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अहो सर, तेच तर अवघड असतंय." पण परीक्षकांनी लाल पेनानं लिहिलं, 'प्रोग्रॅम थांबत नाही', आन मला नापास केलं. शेजारच्याचा गेम पावलापावलाला एंटर मागायचा, त्यो पहिला! आता ऑफिसात मी एंटरवर बोट धरून त्या परीक्षकांची नक्कल करतो, सगळी पोट धरून हसत्यात. मी एकटा हसत न्हाय की.