आप्पाला दिसेल असा बोर्ड

आमच्या ऑफिसात पुठ्ठ्याचा एक खोका आहे. आत जुन्या वायरी. कुठली वायर कुठल्या मशीनची, देव जाणे! पण टाकायला गेलं की हात होत नाही, आणि एक ओढायला गेलं की चार गुंतून वर येतात. किस्स्यांचंही तसंच. परवा मित्रांत सहज एक सांगायला बसलो, तर चहा दोनदा मागवावा लागला.

आधी माझी ओळख. मी मूळचा निपाणीचा. बारावीला इंग्रजीनं दगा दिला, म्हणून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकलो, मग विकायला, मग कॉम्प्युटर. आता बेळगावात खडेबाजारात पहिल्या मजल्यावर माझी चार पोरं-पोरी दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतात. मला त्यातली एक ओळ लिहिता येत नाही. पण कोण काम करतंय आणि कोण केल्यासारखं दाखवतंय, हे मानेच्या मागच्या बाजूवरून कळतं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तेवढं आलं की बास!

आणि रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, आप्पा. निपाणीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. मी कॅल्क्युलेटर विकले, त्यानं विकले. मी कॉम्प्युटर आणले, त्यानं आणले. मी सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं, त्यानं समोर काढलं. वर एसी बसवला!

दिवाळीला आम्ही एकमेकांना फराळ पाठवतो. त्याच्या करंज्या माझ्यापेक्षा मोठ्या असतात. मुद्दाम!

\* \* \*

एका सकाळी खिडकीतून बघतो तर आप्पाच्या भिंतीवर हा मोठा टीव्ही. त्यावर रांगेनं हिरवे, पिवळे चौकोन. एक पिवळा बघता बघता हिरवा झाला. आप्पा खुर्चीत मागं रेलून बघत होता, आपलं शेत बघावं तसा.

मी वैशालीला हाक मारली. वैशाली आमची मुख्य प्रोग्रॅमर, वडगावच्या विणकराच्या घरातली. पॉवरलूमच्या खडखडाटात अभ्यास केलेली पोरगी, त्यामुळं शेजारच्या टेबलावरचं पोरगं, प्रकाश, कितीही बडबडला तरी तिचं बोट चुकत नाही.

ती म्हणाली, "अण्णा, तो टास्कचा बोर्ड आहे. एडिटरमध्ये प्लग-इन टाकायचं. आम्ही कोड लिहितो तिथंच कडेला एक पट्टी उघडते, तिच्यात आपापली कामं दिसतात. काम संपलं की टिचकी मारायची, भिंतीवर चौकोन हिरवा होतो. पण आपल्याला ते कशाला लागतंय, ते आधी..."

"आप्पाकडं हाय न्हवं? मग कशाला लागतंय ते नंतर बघू!"

\* \* \*

प्लग-इन बसलं. प्लग-इनची आणि बोर्डाची ओळख पटायला एक टोकन लागतं, म्हणजे लांबलचक अक्षरांची किल्ली. ती वैशालीनं घातली. महिनाभर मी सुखात होतो.

मग एके दिवशी बोर्ड कोरा! एक चौकोन नाही. समोर बघितलं तर आप्पानं खिडकीला पडदा ओढलेला. एरवी कधी ओढत नाही! म्हणजे आत काहीतरी चाललं होतं.

मी प्रकाशला म्हटलं, "जा, लिंबं घेऊन ये. आप्पानं काहीतरी केलंय."

तो खाली उतरेपर्यंत वैशालीनं शोधून काढलं. "अण्णा, टोकनची मुदत संपली. नवीन घातलं की चालू."

"मुदत संपायला ही काय फिक्स डिपॉझिट हाय?"

तिनं नवीन टोकन घातलं, बोर्ड आला. तेवढ्यात प्रकाश लिंबं घेऊन वर. दम खात म्हणाला, "अण्णा, लिंबांच्या गाडीवर आप्पांचा माणूस भेटला. त्यांचा पण बोर्ड गेलाय. तुमचं नाव घेत होता!"

\* \* \*

आमच्यात दुकान उघडलं की पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय मालक चहा घेत नाही. मी ऑफिसात नियम केला: ज्याची भवानी झाली, म्हणजे ज्याचं दिवसातलं पहिलं काम हिरवं झालं, त्यालाच चहा.

काय सांगू! दुसऱ्या दिवसापासून बोर्ड सकाळीच हिरवागार. मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. पिरनवाडीहून येणारा प्रकाश तर बसल्या बसल्या चार-पाच कामं उडवायचा. मनात म्हटलं, एवढी वर्षं हे पोरगं मला ओळखता आलं नाही!

मग एकदा चष्मा लावून जवळ जाऊन वाचलं.

'कॉम्प्युटर चालू करणे.' हिरवं.

'खुर्ची पुढं ओढणे.' हिरवं.

'अण्णांना नमस्कार करणे.' हिरवं.

"प्रकाश, हे काय रं?"

"अण्णा, नमस्कार केलता की!"

\* \* \*

बोर्ड आतल्या भिंतीवर होता. आता मला सांगा, दागिना घालून कुणी दार लावून बसतं का? मी टीव्ही उचलून खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडं. प्रकाशला म्हटलं, "अक्षरं मोठी कर. आप्पाला चष्मा हाय."

वैशाली म्हणाली, "अण्णा, पट्टीत आम्हाला फक्त आपापलं काम दिसतं. कोण कुठं अडकलंय ते बघायला हा बोर्ड. रोज सकाळची मीटिंग त्याच्यासमोर उभं राहून करतो आम्ही. आत फिरवा की."

"आत फिरवला तर आप्पाला काय दिसणार?"

तिनं वळून समोर आप्पाच्या गॅलरीकडं बघितलं. तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

चार दिवसांनी सकाळी ऑफिसात येतो तर खुर्च्या रिकाम्या. चारही! घाबरून खिडकीशी गेलो. माझी चारही पोरं समोर आप्पाच्या गॅलरीत, रांगेनं उभी. हातात कप.

मी ओरडलो, "तिकडं काय करताय रं?"

प्रकाशनं तिकडून हात हलवला. "मीटिंग, अण्णा! हितनं आपला बोर्ड एकदम क्लियर दिसतोय!"

आणि मागून आप्पा, हातात किटली: "असू दे रं बाळू, घेतील चहा. हितं भवानीची अट न्हाय!"

\* \* \*

एका शुक्रवारी रस्त्यावरून वर बघताना माझं लक्ष गेलं. काम संपलं की चौकोनावर 'क्लोज्ड' असं येत होतं. शुक्रवारी! लक्ष्मीच्या वारी, सगळ्या खडेबाजाराला दिसेल असं, 'बंद'! आम्ही दुकानदार रात्री शटर ओढतानासुद्धा बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. सेटिंग कुठं असतं ते वैशालीच्या खांद्यावरून मी बघून ठेवलं होतं. ती जेवायला गेल्यावर हळूच बदललं. 'वाढवलं.'

दुपारनंतर गोंधळ! पट्टीत टिचकी मारली की लाल अक्षरं, आणि काम जागच्या जागी. प्रकाशनं प्लग-इन काढून परत बसवलं. एडिटर काढून परत बसवला. शेवटी कॉम्प्युटर उचलून दुसऱ्या टेबलावर नेला, म्हणे दिशा बदलून बघतो.

मी पेपर वाचत होतो. एकच पान.

वैशालीनं लाल अक्षरं नीट वाचली. "प्लग-इन 'क्लोज्ड' शोधतंय आणि बोर्डावर तसं काही राहिलंच न्हाय. कुणीतरी नाव बदललंय." बघितलं मात्र माझ्याकडं! पण पोरगी मोठ्या मनाची. नाव परत बदललं नाही. प्लग-इनलाच शिकवलं की 'वाढवलं' म्हणजे संपलं. दहा मिनिटांत सगळं सुरळीत.

आप्पाच्या बोर्डावर सोमवारी 'वाढवलं' आलं. त्यालाही लक्ष्मी पाहिजेच की! आणि मंगळवारी त्याचा फोन. "बाळू, आमचं प्लग-इन रुसलंय. तुझ्या पोरीला जरा पाठव की."

नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचं बिघडलं आणि माझ्याकडं दुरुस्तीला आलं, हा आनंद मला आवरला नाही. पाठवली!

\* \* \*

तो आनंद मला लई महाग पडला. मी खिडकीत उभा. समोर वैशाली आप्पाच्या स्वतःच्या खुर्चीत. आप्पा शेजारी उभा! पुढं बेळगावी मिठाई, कुंद्याची बशी. ती काहीतरी बोलली आणि आप्पा हसला. माझ्याशी बोलताना ती कधी विनोद करते? आठवेना.

परत आल्यावर मी सहज विचारलं, "झालं काय गं?"

"झालं अण्णा. आप्पांनी मला त्यांच्या बोर्डाची ॲडमिन करून टाकलं, म्हणाले परत काय झालं तर हितनंच बघ."

आमच्याकडं तिला ॲडमिन करायला मी दोन महिने लावले होते.

"आणि एसी लई गार आहे त्यांचा," ती म्हणाली.

त्या रात्री मला पंखा चालू असताना घाम आला.

\* \* \*

मग चिकोडीचं लग्न. पंगतीत यजमानानं मला आणि आप्पाला शेजारी बसवलं. पहिला घास घेतला आणि माझ्या खिशात शिट्टी वाजली. काम संपलं की फोनवर शिट्टी वाजते, ते मी मुद्दाम चालू ठेवलं होतं.

"काय रं?" आप्पा म्हणाला.

"काय न्हाय. पोरं काम करत्यात."

एवढ्यात त्याच्या खिशात शिट्टी! "आयतु, आयतु," आप्पा मान डोलवत म्हणाला. कानडीत 'झालं, झालं'. खूश झाला की त्याला कानडी सुचतं.

मी टेबलाखाली डाव्या हातानं प्रकाशला मेसेज केला, 'वाढव, पटापट.' शिट्टी. शिट्टी. आप्पाचाही डावा हात दिसेनासा झाला. शिट्टी, शिट्टी, शिट्टी! वाढपी आमच्याजवळ येईना, त्याला वाटलं आम्ही त्यालाच शिट्ट्या मारतोय. बासुंदी पुढच्या पंगतीला गेली.

प्रकाशचा मेसेज आला. 'अण्णा, एकच काम उरलंय. तेच उघडतोय आणि तेच वाढवतोय. किती वेळ?'

हात धुताना आप्पानं खांद्यावर हात ठेवला. "बाळू, तुला न सांगता केलं असं नको. वैशालीला मी विचारणार हाय. माझ्याकडं ये म्हणून."

\* \* \*

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले! आप्पाचा एसी एक टनाचा, मी दीड टनाचा बसवला. पोरं स्वेटर घालून बसू लागली. त्यानं कुंदा दिला होता, मी कुंद्याचा डबा ठेवला. तिला वेळच मिळू नये म्हणून बोर्डावर तिच्या नावावर कामं घातली, सुचतील ती. 'भिंतीचा रंग सुचवणे' हेसुद्धा!

वैशाली एकेक बघायची आणि वाढवायची. ती गेली तर माझ्याकडं काय उरणार, हे मला पक्कं माहीत होतं: दीड टनाचा एसी आणि प्रकाश.

एका सकाळी नेहमीसारखा आधी खिडकीशी गेलो. आधी आप्पाचा बोर्ड बघायचा, मग चप्पल काढायची, ही सवय. आणि पाय तिथंच थांबले. आप्पाच्या बोर्डावर, सगळ्यात वर, नवीन पिवळा चौकोन:

'वैशालीला काय पाहिजे ते विचारणे.' नाव: आप्पा.

संपलं! आता हा विचारणार! आप्पा त्याच्या खिडकीत उभा होता, तोंड उघडं, डोळे माझ्या खिडकीकडं. आणि एकदम वळून जिन्याकडं पळाला. मीही पळालो. या वयात जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरलो!

रस्त्याच्या मधोमध, प्लास्टिकच्या बादल्यांच्या गाडीपाशी, आम्ही समोरासमोर.

"विचारलंस तिला?" आप्पा धापा टाकत म्हणाला.

"मी? तूच विचारणार हाईस! तुझ्या बोर्डावर लिहिलंय!"

"माझ्या? तुझ्या बोर्डावर लिहिलंय! तुझ्या नावावर! ते वाचूनच आलो मी!"

"माझा बोर्ड मला कुठं दिसतोय रं? त्याचं तोंड तुझ्याकडं हाय!"

"आणि माझा कोण बघतंय? मी सकाळी उठून तुझाच बघतोय!"

बादल्यांवाला आमच्याकडं बघायला लागला. आम्ही वर बघितलं. दोन्ही बोर्डांची ॲडमिन तिथंच उभी होती.

माझ्या खिडकीत टीव्हीच्या एका बाजूला वैशाली, दुसऱ्या बाजूला प्रकाश. "उचल," ती म्हणाली. टीव्ही हळूहळू फिरला. रस्त्याकडं त्याची काळी पाठ आली आणि एक लोंबती वायर. आत चौघं बोर्डासमोर गोळा झाली. मीटिंग सुरू झाली. पहिला आवाज वैशालीचा होता, "चला, आज कोण कुठं अडकलंय?"

आप्पा बराच वेळ त्या काळ्या पाठीकडं बघत राहिला. मग माझा दंड धरून म्हणाला,

"बाळू, आता सकाळी उठून मी बघू काय रं?"