खाऱ्या जमिनीत पांढरं बी

माझ्या सासूची जीभ दोन गोष्टींसाठी गावात प्रसिद्ध होती. एक शिव्या आणि दुसरी शेताची चव. रेवसच्या वाटेवर खाडीच्या बांधाला लागून आमची शेतं. बांध दरवर्षी कुठेतरी फुटायचा, भरतीचं पाणी आत शिरायचं, त्यामुळे गेल्या वर्षी गोडी असलेली जमीन यंदा कशी निघेल याचा नेम नसे. चार पाऊस पडून जमीन धुतली गेली की सासू प्रत्येक तुकड्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि बी सांगायची. खारी लागली तर राता, म्हणजे आमचा तांबडा जाडा भात. तो मिठाला भीत नाही. गोडी लागली तर शेतकी खात्याचं नवं पांढरं बी. त्याला बाजारात मान, पण खाऱ्यात ते दाणा धरत नाही.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचं साल असेल. माझा धाकटा दीर तापाने गेला. बांधाखालचा त्याच्या वाटणीचा तुकडा जावेकडे राहिला, आणि तेवढ्यावर ती आणि तिची लहान पोर जगणार होत्या. पीक बुडालं की दोघी माहेरी जाणार आणि तुकडा आमच्यात येणार. घरात हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

जाऊ मिठागरावर वाढलेली. खारं-गोडं तिच्याइतकं कोणाला कळणार? पण आमच्यात विधवेने पेरणीआधी शेताची माती तोंडाला लावायची नाही, पीक जळतं म्हणतात. म्हणून ती सासूला घेऊन शेतावर आली. मीही गेले.

सासूने माती चाखली. "गोडी हाय गो. पांढरं टाक."

जावेने माझ्याकडे पाहिलं. "वैनी, तुमी पन बघा ना."

मी चिमूट तोंडात टाकली. जीभ चरचरली. "गोडीच हाय," मी म्हटलं.

पाऊस होता तोवर तिचं शेत हिरवंगार होतं. आश्विनात पाऊस थांबला आणि मीठ वर आलं. लोंब्या उभ्याच्या उभ्या वाळल्या. कापणीला तिच्या हाती नुसतं पळंज आलं, आत दाणाच नाही. शेजारी आमचा राता ओझ्याने वाकला होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

कापणीच्या बायांदेखत जाऊ खाली बसली. तिने माती तोंडात घातली आणि गिळली. सासूकडे तिने पाहिलंही नाही.

"तुमाला ठावं व्हतं, वैनी."

"पेरनीआधीच चोरून चाखली असशील माती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "म्हनून जळलं."

बायांनी लगेच खरं मानलं. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं, तिच्या पोरीला अंगणात येऊ देईनात. आठ दिवसांत दोघी गेल्या. पुढच्या वर्षी आम्ही त्या तुकड्यात राता पेरला.

माझ्या हातून घडलेल्या वाईटाचा दोष मी जन्मभर सासूवर ढकलत आले. पण कापणीच्या दिवशी बायांदेखत बोललेलं ते वाक्य तिने मला शिकवलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं.