दिगूनं शिकवलेला लॉ

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिमायतनगरला लेकाच्या दारात गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. फोन वैशालीचा, दिगूच्या मुलीचा. "आत्या, पप्पा गेले," एवढंच बोलली. मी उरलेल्या शेंगा मोडल्या, भाजी फोडणीला टाकली, सुनेला सांगितलं आणि नांदेडची गाडी धरली. नांदेडहून लातूर. रस्त्यात रडू येईल असं वाटलं होतं... आलं नाही. दिगू माझा पाठचा भाऊ, सहा वर्षांनी लहान. कडेवर मीच वागवला. माझी शाळा चौथीत सुटली, कारण शेळ्या राखायला कुणीतरी लागत होतं. तो शिकून इंग्रजीचा मास्तर झाला. आता त्याला जाऊन सव्वा महिना झाला. त्याच्या विद्यार्थ्यांनी चौकात फलक लावले, पेपरात चांगलं चांगलं लिहिलं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं मी लिहिते.

आमचं माहेर औशाकडचं. भूकंपात आई-बाप दोघंही दगडमातीच्या भिंतीखाली गेले. दिगू लातूरला खोली करून शिकवत होता म्हणून वाचला, मी सासरी होते म्हणून वाचले. आईला आम्ही ओळखलं ते पायातल्या जोडव्यांवरून. त्या दिवशी दिगूनं माझा पदर धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. एवढा मोठा बाप्या! मला आजही तोच दिगू खरा वाटतो, म्हणून पुढचं जास्त लागतं. बापाच्या नावावर आठ एकर काळी जमीन होती. तलाठी म्हणाला, वारस दोघं आहेत, दोघांची नावं लागतील. आमच्याकडं अशा वेळी बहिणीनं हक्कसोड करून द्यायची रीत आहे. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडते, असं लिहून द्यायचं. भावानं तिला साडीचोळी करायची. जी देत नाही तिला पंचमीला माहेरी न्यायला कुणी येत नाही. रजिस्ट्री हापिसात दिगू म्हणाला, "अक्का, कागदावरच हाय गं. जमीन काय पळून चालली? तुला लागंल तव्हा तुझीच."

"वाचून तर दाखव."

"काय वाचायचंय त्यात? सगळं वकिली. कर सही, लोकं खोळंबलेत."

आई-बापाला जाऊन दोन महिने झाले होते. भाऊ तेवढा उरला होता, तोही तुटला तर... मी सही केली. हिरवी इरकल मिळाली. चांगली होती, बारा वर्षं टिकली.

जमीन मात्र तेवढी टिकली नाही. शिकवण्यांमुळं लातूरचं नाव झालं होतं. किनवट, इस्लापूर, कुठून कुठून आईबाप पोरांना पत्र्याची पेटी देऊन लातूरला सोडून जाऊ लागले. दिगूनं जमीन विकून क्लासची इमारत बांधली. वर पोरांच्या खोल्या, खाली वर्ग, मागं मेस. माझा नवरा वारला तेव्हा लेकरू पाचवीत होतं आणि दिरांनी हात वर केले होते. मी दिगूकडं गेले. एक एकराएवढं तरी दे म्हणाले. तो म्हणाला, "आता जमीन कुठं हाय? अन् तूच सोडलीस न, अक्का. सही तुझी हाय." मग थोड्या वेळानं, उपकार केल्यासारखा, "मेसचा स्वयंपाक बघ. घरचंच हाय." घरचंच होतं, म्हणून मी नऊ वर्षं साठ-सत्तर पोरांच्या चपात्या लाटल्या.

स्वयंपाकघराची खिडकी वर्गात उघडायची. दिगू शिकवायचा मात्र फार छान, ते कुणी नाकारू नये. एकदा फळ्यावर त्यानं एकच इंग्रजी शब्द लिहिला, लॉ. एक पोरगा म्हणाला, "कायदा, सर."

"बस? एवढ्यावरच गाडी थांबली?" दिगू हसला. "वर फेकलेला दगड खाली येतो, हापण लॉच. हा मोडता येत न्हाई. सरकार करतं तो लॉ मोडता येतो, पण मोडला की दारात पोलिस. इंग्रज त्या पोलिसालापण लॉच म्हणतो. देवाची आज्ञा लॉ, वकिलीचं शिक्षण लॉ, खेळाचा नियम लॉ. अन् सासू? मदर-इन-लॉ!"

मुरुडची एक पोरगी म्हणाली, "बरोबर हाय सर, आमच्या घरी आजीच सरकार हाय. आईला विचारा." सगळा वर्ग हसला. हसू ओसरल्यावर दिगू म्हणाला, "लग्नानं झालेली आई, बहीण, भाऊ, त्यांना लॉ लागतो. रक्ताच्या बहिणीला न्हाई."

माझ्या हातात लाटणं होतं. खिडकीतून बोलून गेले, "का लागत न्हाई, सर?"

पोरं पुन्हा हसली. दिगू म्हणाला, "गरज पडत न्हाई, अक्का."

"पडती की."

त्यानं फळा पुसला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर म्हणाला, पोरांसमोर असं शोभत न्हाई. मी ताटात चपाती वाढत विचारलं, "एवढे लॉ सांगितलेस. हक्कसोड त्यातला कुठला रे?"

त्यानं चपाती मोडली. "ती रीत हाय, अक्का."

"म्हंजी नसती केली तर पोलिस आला नसता?"

"न्हाई."

"हे तुला तव्हा ठाव होतं?"

अर्धी चपाती टाकून तो उठला. त्यानंतर पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही. गुडघे गेले तशी मी लेकाकडं हिमायतनगरला आले.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी संदीपनं, दिगूच्या मुलानं, वैशालीपुढं हक्कसोडीचा कागद ठेवला. इमारत आणि राहतं घर. माझी भावजय, वैशालीची आई, म्हणाली, "आत्यांनी कशी हसत सही केली होती, तशी कर बाई." मी हसले नव्हते. वैशालीनं टेबलावरचं दिगूचं लाल पेन उचललं आणि माझ्याकडं पाहिलं. तिला दोन मुली, नवऱ्याचं दुकान बसलेलं.

मी म्हणाले, "आधी वाच. मोठ्यानं वाच. मी चुकले होते, माझा दाखला देऊ नका."

"आत्या, आमच्या घरातलं तुम्ही बघू नका," संदीप म्हणाला.

"तुझं घर माझ्या बापाच्या जमिनीच्या पैशावर उभंय."

वैशालीनं वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. मग तिनं पेनाला टोपण लावलं. संदीप आत गेला आणि माझी पिशवी आणून उंबऱ्याबाहेर ठेवली. भावजयनं तोंड फिरवलं. स्टँडवर सोडायला वैशाली आली, गाडी सुटताना तिनं ते पेन खिडकीतून माझ्या हातात दिलं.

आता ते इथं फळीवर असतं. शाई सुकली आहे. टोपणाला दिगूच्या दातांच्या खुणा आहेत. पेपर तपासताना तो चावायचा, लहानपणी पाटीवरची पेन्सिल चावायचा तसाच. ते हातात आलं की वाटतं, माझं माहेर तुटायचंच होतं, तर रजिस्ट्री हापिसातच तुटू द्यायचं होतं. दिगू चिडला असता, ओरडला असता, कदाचित वर्षभर बोलला नसता. मग आला असता... किंवा नसता आला. तो कसा भाऊ होता हे मला तेव्हाच कळलं असतं. मी सही केली आणि ते कळायची संधीच ठेवली नाही.